वाचकांचे प्रश्न : जुना लहान ट्रॅक्टर दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न : माझ्याकडे १८ वर्षांपूर्वी घेतलेला २२ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आहे. तो मागच्या दोन चाकांवर चालतो, मीटरवर सुमारे ३,१०० तास झाले आहेत आणि त्याला चालकाच्या बचावासाठी असते ती संरक्षक चौकट नाही. फळबागेत रोटाव्हेटर, फवारणी यंत्र आणि मालाची ट्रॉली अशी कामे तो करतो; बागेचा निम्मा भाग उतारावर आहे. गेल्या हंगामात क्लच दोनदा घसरला, आणि तासाभराच्या कामानंतर लिफ्ट रोटाव्हेटर फार सावकाश उचलू लागली. विक्रेता हा ट्रॅक्टर बदल्यात घेऊन २८ अश्वशक्तीचा, चारही चाकांवर चालणारा, हायड्रोस्टॅटिक गिअरचा नवा ट्रॅक्टर देऊ करत आहे. दुरुस्ती करावी की बदल करावा?

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. ट्रॅक्टर किती बिघडला आहे, हा एक प्रश्न. आणि धडधाकट असतानाही तो आपल्या कामाला योग्य होता का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मेकॅनिक देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर आपली जमीनच देईल, आणि माझ्या मते आपला निर्णय त्यावरच ठरायला हवा.

प्रथम बिघाडाविषयी. क्लच घसरतो म्हणजे क्लच प्लेट संपली, असे गृहीत धरू नये. पेडलला मोकळी चाल उरली नसेल, तर पाय काढल्यानंतरही क्लचवर थोडा दाब राहतो आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. ही चाल पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे बसवणे हे थोड्या वेळाचे काम आहे. चाल बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर प्लेट झिजली असेल किंवा इंजिनच्या मागच्या सीलमधून तेल झिरपून तिच्यावर आले असेल. त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. खरी मेहनत त्या सोडवण्यात असल्यामुळे प्लेटबरोबर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ते सील त्याच वेळी बदलून घ्यावे.

लिफ्टबाबत आपण दिलेला तपशील फार उपयोगी आहे. यंत्र थंड असताना लिफ्ट मंद चालत असेल आणि पंप आवाज करत असेल, तर बहुधा तेल ओढण्याच्या बाजूची जाळी किंवा फिल्टर तुंबलेला असतो. आपली लिफ्ट गरम झाल्यावर मंदावते. तेल पातळ झाले की पंपाच्या झिजलेल्या भागांतून, दाब-नियंत्रक व्हॉल्व्हमधून किंवा सिलिंडरच्या सीलमधून ते आतल्या आत निसटते. इंजिन बंद करून उचललेला रोटाव्हेटर दुरून पाहत राहावे. तो लवकर खाली येत असेल, तर संशय सिलिंडर आणि नियंत्रण व्हॉल्व्हवर जातो. तो जागेवर टिकत असेल, तर पंपावर. तपासणी होईपर्यंत उचललेल्या रोटाव्हेटरखाली कोणीही हात किंवा पाय घालू नये. अनेक लहान ट्रॅक्टरांमध्ये गिअरबॉक्सचे तेलच लिफ्टसाठी वापरले जाते, म्हणून तेल योग्य प्रतीचे आहे का आणि ते शेवटचे केव्हा बदलले, हेही पाहावे. मी स्वतः एकदा मंद लिफ्टला कंटाळून ट्रॅक्टर विकला होता. ज्यांनी तो घेतला, त्यांनी फक्त तुंबलेली जाळी साफ केली आणि त्यानंतर कित्येक वर्षे तो वापरला. तेव्हापासून कारण समजल्याशिवाय यंत्र हातचे घालवू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

यानंतर इंजिन. रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड ट्रॅक्टरला चावी लावून तो किती सहज सुरू होतो ते पाहावे. चालू इंजिनाच्या तेलाच्या झाकणातून जोराने वाफारा येत असेल किंवा काम करताना सतत निळसर धूर निघत असेल, तर पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरचा बोअर (आतला भाग) झिजले आहेत, असे समजावे. नीट तेलपाणी झालेल्या डिझेल इंजिनाला ३,१०० तास ही अखेर नव्हे. इंजिन निरोगी असेल, तर क्लच आणि पंपाची दुरुस्ती नव्या ट्रॅक्टरच्या किमतीच्या एका लहान अंशात आटोपेल.

आपल्या आकड्यांचा आणखी एक अर्थ आहे. १८ वर्षांत ३,१०० तास म्हणजे वर्षाला जेमतेम १७२ तास. नव्या यंत्राची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते, मग ते चालो वा न चालो. ती घसरण आणि कर्जाचे व्याज आपल्याकडे वर्षाच्या या १७२ तासांवरच वाटले जाणार. त्यामुळे निव्वळ हिशेबाने पाहिले, तर दुरुस्तीच जिंकते. हंगामात ट्रॅक्टर बंद राहिल्याने आपले किती दिवस बुडाले, हे मात्र आपण लिहिलेले नाही. फवारणीचा एक हुकलेला दिवस दुरुस्तीपेक्षा महाग पडत असेल, तर तोही या हिशेबात धरावा.

आता दुसरा प्रश्न, आणि येथे माझे मत बदलते. उतारावर भरलेली ट्रॉली, मागच्याच दोन चाकांवर चालणारा हलका ट्रॅक्टर आणि संरक्षक चौकट नाही, या तीन गोष्टी एकत्र आलेल्या मला पाहवत नाहीत. लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक बहुधा मागच्या चाकांवरच काम करतात. उतारावरून खाली येताना वजन पुढच्या बाजूला सरकते, मागची चाके हलकी होतात, आणि त्याच वेळी ट्रॉली मागून ढकलत असते. अशा वेळी पुढच्या चाकांचा जोड चालू असेल, तर इंजिनाचा आणि ब्रेकचा रोध चारही चाकांपर्यंत पोहोचतो. चढावरचा ओढ वाढावा म्हणून लोक चारचाकी जोड घेतात, पण आपल्यासारख्या बागेत त्याचा मोठा लाभ उतरताना मिळतो.

चौकटीचे महत्त्व याहून अधिक आहे. ट्रॅक्टर मागे उलटायला लागल्यापासून जमिनीवर आदळेपर्यंत सुमारे दीड सेकंद लागतो. त्या अवधीत कोणीही उडी मारून सुटू शकत नाही. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली, आणि पुढच्या दशकांत तेथे उलटलेल्या ट्रॅक्टरखाली सापडून होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. चौकट आणि सीट बेल्ट ही जोडी आहे: बेल्ट नसेल, तर चालक चौकटीच्या सुरक्षित जागेतून बाहेर फेकला जातो. बागेत फांद्यांखालून जाण्यासाठी दुमडणारी चौकट मिळते. मात्र ती दुमडलेली असताना बेल्ट लावू नये, आणि झाडांच्या ओळीतून बाहेर पडताच ती पुन्हा उभी करावी. आपल्या जुन्या मॉडेलसाठी प्रमाणित चौकट मिळते का, याची चौकशी अवश्य करा. जवळच्या वर्कशॉपमध्ये नळ्या जोडून केलेली चौकट मी कोणालाही सुचवणार नाही, कारण ती वजनाखाली वाकेल की तुटेल हे कोणीच तपासलेले नसते.

म्हणून माझा सल्ला असा की, भरलेली ट्रॉली उताराच्या भागातून आणावीच लागत असेल, तर ट्रॅक्टर बदलावा. ट्रॉली केवळ सपाट भागात फिरवता येत असेल आणि प्रमाणित चौकट मिळत असेल, तर क्लच व लिफ्ट दुरुस्त करून हाच ट्रॅक्टर वापरावा.

बदल ठरला, तरी देऊ केलेलाच ट्रॅक्टर घ्यावा असे नाही. २२ आणि २८ हे इंजिनाचे आकडे आहेत. रोटाव्हेटरला पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, मिळणारी शक्ती लागते. हायड्रोस्टॅटिक यंत्रणा तेलाच्या दाबाने चाके फिरवते आणि त्यात गिअरपेक्षा जास्त शक्ती उष्णतेत जाते, त्यामुळे प्रत्यक्ष कामातली वाढ सहा अश्वशक्तींपेक्षा बरीच कमी भरू शकते. दोन्ही पुस्तिकांतील पीटीओ शक्ती शेजारी शेजारी ठेवून पाहा. लिफ्टच्या क्षमतेचेही तसेच आहे: काही निर्माते ती अवजार उचलणाऱ्या खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेली सांगतात, तर काही टोकाच्या ६१० मिलिमीटर मागे. आपला रोटाव्हेटर टोकांच्या मागे लोंबत असल्यामुळे दुसरा आकडाच कामाचा.

हायड्रोस्टॅटिकची खरी सोय अशी की, पीटीओचे फेरे मिनिटाला ५४० वर स्थिर ठेवून चालण्याचा वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो. फवारणीला आणि अरुंद वळणांना हे फार उपयोगी पडते. उतारावर मात्र चालत्या ट्रॅक्टरची रेंज (मंद किंवा जलद वेगाचा गिअर) कधीही बदलू नये, कारण मधल्या क्षणी चाके मोकळी होतात. आणखी एक बाब धुराच्या फिल्टरची. अमेरिका आणि युरोपातील धूर-नियमांत १९ किलोवॅट, म्हणजे सुमारे २५ अश्वशक्ती, ही मोठी सीमा आहे. तिच्या वरच्या नव्या इंजिनांना बहुधा काजळी अडवणारा फिल्टर असतो. कमी फेऱ्यांवर हलके काम करत राहिले, तर तो भरत जातो, आणि साठलेली काजळी जाळताना धुराड्याचा भाग अतिशय तापतो. वाळलेल्या गवताच्या बागेत ही लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे. आपले काम २५ च्या आतल्या चारचाकी, दुमडत्या चौकटीच्या ट्रॅक्टरने भागत असेल, तर मी तोच निवडेन.

जुनी अवजारे नव्या ट्रॅक्टरला जोडता येतील, पण कामाला येतील का, हे वेगळे पाहावे लागते. अवजार तीन ठिकाणी जोडण्याच्या पहिल्या श्रेणीच्या जोडणीत खालच्या पिना २२ आणि वरची १९ मिलिमीटर जाडीची असते, तेव्हा ती अडचण सहसा येत नाही. मात्र नव्या चाकांची बाहेरची रुंदी रोटाव्हेटरपेक्षा जास्त असेल, तर चाकाने दाबलेली पट्टी न फिरवता मागे राहील. विक्रेत्याकडून नव्या ट्रॅक्टरची किंमत आणि आपल्या जुन्याची किंमत स्वतंत्रपणे लिहून घ्या. सही करण्याआधी तो ट्रॅक्टर आपल्याच बागेत, आपल्याच रोटाव्हेटरला जोडून, तेल चांगले तापेपर्यंत चालवून पाहा.

प्रश्न : मला नवा ट्रॅक्टर परवडत नाही. पाच वर्षे वापरलेला चारचाकी लहान ट्रॅक्टर पाहिला आहे. मीटरवर फक्त ६०० तास आहेत. मीटरवर विश्वास ठेवावा का?

उत्तर : मीटरची साक्ष ट्रॅक्टरच्या अंगावर मिळते का, ते पाहा. पेडलचे रबर, ओढणीच्या पट्टीचे भोक आणि जोडणीच्या पिनांच्या खोबणी ६०० तासांत गुळगुळीत किंवा अंडाकृती होत नाहीत. टायर कारखान्यातून आलेलेच आहेत का, हेही विचारा. चारचाकी ट्रॅक्टरात पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जलद फिरावीत अशी रचना असते. कोणी एकाच जोडीला वेगळ्या मापाचे टायर बसवले असतील, तर ते प्रमाण बिघडते आणि कडक जमिनीवर पुढचा जोड ताण खाऊन झिजतो.

पाहायला जाण्याच्या दिवशी इंजिन आधी सुरू करू नये, असे मालकास सांगून ठेवा आणि पोहोचताच इंजिनाला हात लावून पाहा. ते आधीच गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.