आधी एक पावसाळा काढ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

माहीमचं घर कसं सजवायचं म्हणून तू पाठवलेले घरांचे चाळीस फोटो चष्मा लावून एकेक पाहिले. घरं देखणी आहेत. पण एकाही घरात दोरीवर कपडे वाळत नाहीत आणि एकाही घरात तबला नाही. तुझ्याकडे दोन्ही असणार. म्हणून लिहायला बसले.

माझं पहिलं मागणं एवढंच, की एक पावसाळा घराला हात लावू नकोस. गादी, भांडी, एक कपाट आणि तबला, यावर राहा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि माहीमच्या त्या जुन्या इमारतीत तुझ्या बाहेरच्या खोलीची भिंत थेट पश्चिमेला आहे. लग्नानंतर मी मे महिन्यात अशाच भिंतीला हौसेने फुलाफुलांचा कागद लावून घेतला होता. गणपतीत पाहुणे यायच्या आत तो खालून हातभर सुटला, मागे काळी बुरशी. तेव्हापासून कुणाच्याही घराचं काम घेतलं, की रंगाआधी मी ओल कुठे येते ते विचारते. कपाटसुद्धा त्या भिंतीला चिकटवू नकोस, चार बोटं जागा सोड.

आता तुझ्या जमिनीबद्दल. त्या नक्षीच्या फरशा काढून तिथे चकचकीत टाइल्स बसवायचा सल्ला तुला कुणीतरी दिलाय, तो कृपा करून ऐकू नकोस. या सिमेंटच्या फरशा आहेत. रंगाचा थर साच्यात ओतून, मागे सिमेंट भरून त्या दाबयंत्राखाली दाबतात, भट्टीत भाजत नाहीत. मुंबईत 1922 साली सुरू झालेली भारत टाइल्स आजही अशा फरशा बनवते. रंग वरवरचा नसतो, चांगला जाड थर असतो, म्हणून इतक्या पावलांनंतरही नक्षी टिकते. त्यांचा शत्रू एकच, ॲसिड. संडास धुवायचं ॲसिड जमिनीवर एकदा जरी ओतलंस तरी चमक गेली. साध्या साबणाच्या पाण्याने पूस. एवढी सुंदर जमीन असताना भिंती शांत ठेव, चुनखडीसारख्या पांढऱ्या.

लाकडी सामान नवं घेऊ नकोस. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात जा, घाई न करता दोन-तीन खेपा घाल. खण बाहेर ओढून मागची बाजू बघ. खाचेत कुसू, म्हणजे लाकडाचा दात, बसवून केलेला जोड असेल तर सुताराने मन लावून काम केलंय. लाकडावर टिचकी मारल्यावर बारीक भुसा गळला तर कितीही आवडलं तरी सोडून दे. कीड घरात आणशील.

दिव्यांसाठी लोहार चाळ, तो विजेच्या सामानाचा बाजार. खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्विन लिहिलेले पिवळसर दिवे घे. 6500 चा पांढरा प्रकाश ओट्यावर भाजी चिरायला ठीक. रात्री दमून आल्यावर तो डोळ्यांना बोचतो.

आईच्या लुगड्यांची गोधडी फ्रेम करून भिंतीवर लावायचं म्हणतेस. नको गं. ती पांघर. काचेमागे ओल धरली तर धागा कुजेल, आणि ती शिवली गेली ती ऊब मिळावी म्हणूनच. तबलाही माळ्यावर टाकू नकोस. खिडकीपासून दूर, कोरड्या कोपऱ्यात एक सतरंजी कायमची अंथरून ठेव आणि बाकी खोली त्या सतरंजीभोवती मांड. बसायला सोफा लागतोच असं नाही. तुझ्याकडे येणारी मंडळी जमिनीवर बसून ऐकणारी आहेत.

साधारण 11 जूनच्या सुमारास पाऊस मुंबईत येतो. तो लागला की दर रविवारी पश्चिमेच्या भिंतीवर ओल कुठवर आली तिथे पेन्सिलीने रेघ ओढ, बाजूला तारीख टाक. दुपारचं ऊन कुठल्या फरशीपर्यंत येतं तेही बघून ठेव. दसऱ्यानंतर मी येते. तुझ्या रेघा बघू आणि मग रंगवाल्याला बोलावू.

तुझी,
काकू