रंकाळ्याच्या पेन्सिल चित्रात सोनेरी वर्ख: आधी काय, नंतर काय?

तुमचा प्रश्न: कोल्हापूरच्या रंकाळा तलावाची संध्याकाळ पेन्सिलने काढली आहे, पाण्यावरची झळाळी वर्खाने दाखवायची आहे, वर्ख आधी की पेन्सिल?

हलकी बाह्यरेषा, मग वर्ख, गडद छटा शेवटी. शेडिंग झालंच असेल तर आधी फिक्सेटिव्ह (चित्र पसरू नये म्हणून मारायचा स्प्रे) मारा, नाहीतर साईझचा ब्रश फिरला की पेन्सिलचं ग्रॅफाइट पसरून पाणी मळकट दिसतं. साईझ म्हणजे वर्ख चिकटवायचा डिंक. तो दुधाळ असतो, पारदर्शक आणि चिकचिकीत झाला की मगच वर्ख ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे याला बराच वेळ लागतो, घाई नको. वर्ख ठेवताना पंखा मात्र बंदच. बटरपेपरवरून दाबा, सुटे तुकडे मऊ ब्रशने झटका.

सूर्याखालचा एक पट्टा आणि चार-दोन तुटक लाटा, एवढ्यालाच वर्ख लावा. अख्खा तलाव मढवलात तर लग्नपत्रिका होईल! काठावरच्या शालिनी पॅलेसची सावली चारकोल पेन्सिलने करा, कारण दाट ग्रॅफाइटही चमकतं आणि वर्खाशी भांडतं.

स्वस्त वर्ख पितळेचा असतो, हवेने काळवंडतो. त्यावर व्हार्निशचा हात हवाच.