एमएस : परदेशी उपचाराला निघण्याआधी

प्रश्न : स्त्री, वय ३४, सहा वर्षांपासून रिलॅप्सिंग-रिमिटिंग मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस : रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरच उलटते; या प्रकारात त्रास अधूनमधून उफाळतो, म्हणजे 'अटॅक' येतो, आणि मग ओसरतो). दोन औषधं बदलली, तरी गेल्या वर्षभरात दोन अटॅक आले. परदेशातल्या दोन केंद्रांकडून पत्रं आली आहेत. दोन्हींत 'स्टेम सेल उपचार' असंच लिहिलंय, पण एका ठिकाणी पाच दिवस राहायचं आहे आणि दुसरीकडे पाच-सहा आठवडे. हा फरक कशामुळे?

उत्तर : नाव एक असलं तरी उपचार दोन आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

पाच-सहा आठवड्यांचा उपचार बहुधा एएचएससीटी, म्हणजे रुग्णाच्याच रक्ताच्या मूळ पेशींचं (स्टेम सेल) प्रत्यारोपण असावा. त्यात आधी सायक्लोफॉस्फमाइड (केमोचं औषध) आणि जी-सीएसएफ (मूळ पेशी वाढवून रक्तात आणणारं औषध) यांची इंजेक्शनं देऊन अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी रक्तात आणतात, मशीनवर गोळा करतात आणि गोठवून ठेवतात. वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख सीडी-३४ पेशी (सीडी-३४ ही मूळ पेशींची खूण) जमाव्या लागतात. (जी-सीएसएफ एकटंच दिलं तर अटॅक येऊ शकतो, म्हणून सोबत केमो किंवा स्टेरॉइड असतं.) मग मोठी केमो. एका प्रचलित पद्धतीत चार दिवसांत किलोमागे एकूण २०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फमाइड आणि जोडीला एटीजी (रोगप्रतिकारक पेशी मारणारं औषध) देतात. त्यानंतर आपल्याच पेशी सलाइनसारख्या परत चढवतात. पांढऱ्या पेशी वर यायला साधारण दहा-बारा दिवस लागतात, आणि खरा धोका त्याच दिवसांत असतो.

इथे एमएसवर काम करते ती केमो. बिथरलेली रोगप्रतिकारशक्ती ती पुसून टाकते, आणि मूळ पेशी फक्त रक्त पुन्हा उभं करतात. म्हणून एमआरआयवरचे नवे डाग आणि नवे अटॅक थांबण्याची शक्यता चांगली असली, तरी मेलेले मज्जातंतू यातून परत येत नाहीत. वय कमी, आजार फार जुना नाही आणि एमआरआयवर सूज चालू आहे, अशांना फायदा सर्वाधिक होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिस्ट चाचणीत ११० रुग्ण होते. प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ३ जणांचा आणि औषधांवरच्यांपैकी ३४ जणांचा आजार पुढे सरकला. फरक मोठा आहे, पण त्या तुलनेत ऑक्रेलिझुमॅब आणि अलेमटुझुमॅब ही जोरकस औषधं नव्हती. ती तुम्ही घेऊन पाहिली नसतील, तर आधी तुमच्या न्यूरोलॉजिस्टशी त्यावर बोला.

पाच दिवसांच्या उपचारात बहुतेक ठिकाणी चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या मेसेन्कायमल पेशी (रक्त न बनवणाऱ्या, वेगळ्या प्रकारच्या मूळ पेशी) शिरेतून देतात, केमो नसते. मेसेम्स या १४४ रुग्णांच्या चाचणीत अशा पेशींनी (तिथे त्या रुग्णांच्याच अस्थिमज्जेतल्या होत्या) एमआरआयवरचे सक्रिय डाग कमी झाले नाहीत. त्यासाठी पैसे आणि वर्ष घालवू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. पत्रात 'एनसीटी' आणि पुढे आठ आकडे असा चाचणी क्रमांक असेल, तर ती केवळ नोंदणी आहे. उपचार तपासून मान्य केला, असा त्याचा अर्थ होत नाही.

एएचएससीटीचं नक्की झालं तर पहिलं काम बीजांडं गोठवण्याचं. केमोने पाळी कायमची जाऊ शकते, आणि या तयारीला साधारण दोन आठवडे लागतात. ते उरकल्यावर दातांतला जंतुसंसर्ग, क्षयरोग, हेपॅटायटिस बी आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या करा. परतल्यावर रक्ताच्या तपासण्या कोण पाहणार, तो हिमॅटोलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) जाण्याआधीच ठरवा. पुढे कधी रक्त चढवायची वेळ आली, तर ते किरणोत्सर्ग दिलेलं लागू शकतं. तसं लिहिलेलं कार्ड केंद्राकडून मागून घ्या.

प्रश्न : एमएससाठी फिंगोलिमोड चालू आहे. एएचएससीटी करणाऱ्या केंद्राने 'येण्याआधी बंद करा' एवढंच कळवलं. कधीपासून बंद करू?

उत्तर : प्रवेशाची तारीख लेखी हातात आल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका. फिंगोलिमोड लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींना लसीका ग्रंथींत अडवून धरतं. ते थांबलं की या पेशी पुन्हा रक्तात येतात, आणि काही जणांना काही आठवड्यांतच आधीपेक्षा जोरदार अटॅक येतो. केंद्राने तारीख दोन महिने पुढे ढकलली, तर मधला काळ तुम्ही उघड्यावर काढता. किती दिवस आधी थांबायचं आणि तारीख पुढे गेली तर मध्ये काय द्यायचं, हे तिथल्या आणि इथल्या डॉक्टरांनी मिळून लिहून द्यावं.

प्रत्येक औषधाचं गणित वेगळं असतं. नॅटालिझुमॅब घेणाऱ्यांत जेसी विषाणूमुळे होणारा पीएमएल हा मेंदूचा गंभीर संसर्ग नाही, याची खात्री आधी एमआरआयवर करावी लागते. टेरिफ्लुनोमाइड तर रक्तात दोन वर्षांपर्यंत राहू शकतं. ते काढून टाकायला कोलेस्टिरामीन ८ ग्रॅम, दिवसातून तीनदा, ११ दिवस देतात.

प्रश्न : एमएस असलेल्या भावाला घेऊन लांबचा विमानप्रवास आहे. तो काठी घेऊन चालतो, बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) आणि कॅथेटर (लघवी काढायची नळी) चालू आहे. काय सांभाळू?

उत्तर : बॅक्लोफेन आधी. ते अचानक तुटलं तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. पूर्ण मुक्कामाचा साठा आणि वर दोन आठवड्यांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. सामान हरवतं, म्हणून विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत अजिबात नको. कॅथेटर रोज पाच लागत असतील तर प्रवासाच्या दिवसांसाठी दहाच्या हिशेबाने घ्या. लघवीला उठावं लागेल म्हणून तो पाणी कमी पिईल, तसं करू देऊ नका. घट्ट लघवी आणि तुंबलेलं मूत्राशय, यातूनच संसर्ग होतो. सीट स्वच्छतागृहाजवळ आणि वाटेकडेची घ्या. इंजेक्शनं असतील तर २ ते ८ अंशांत ठेवायची, पण बर्फाची पिशवी थेट टेकू द्यायची नाही. गोठलेलं इंजेक्शन टाकूनच द्यावं लागतं.

चालता येत असलं तरी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. रांगेत उभं राहण्यात जाणारी ताकद पोहोचल्यावर लागते. अंग तापलं की एमएसच्या जुन्या खुणा वर येतात, नजर अंधुक होते, पाय जड पडतात. मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) झिजलेल्या तंतूंतून जाणारे संदेश अर्ध्या अंशाच्या वाढीनेही अडखळतात. ओला रुमाल मानेला लावा, थंड पाणी द्या. तासाभरात उतरलं तर तो अटॅक नव्हे. २४ तासांहून अधिक टिकलं, तर स्टेरॉइड सुरू करण्याआधी ताप पाहा आणि लघवी तपासून घ्या. संसर्ग असेल तर आधी त्यावर उपचार हवा.