चौथ्या डाउनचं दुखणं

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, आधीचा हा अंक, त्यामुळे या वेळी पत्रपेटीत कर, व्हिसा आणि सासूबाईंचा विमा बाजूला पडून फुटबॉलच भरलाय. उत्तरं देण्याआधी सांगून टाकतो: मी डेट्रॉइट लायन्सचा माणूस आहे आणि २८ जानेवारी २०२४ पासून माझा मूड बरा नाही. त्या रविवारी बाल्टिमोरमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी रेव्हन्सना १७-१० हरवलं आणि सांता क्लारात सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी आमच्या लायन्सना ३४-३१. आता चीफ्स आणि नाइनर्स ११ फेब्रुवारीला लास व्हेगासमध्ये भिडतील.

प्रश्न: काका, हाफटाइमला २४-७ असे पुढे होतो. फील्ड गोलचे सोपे तीन-तीन गुण दोनदा सोडून आपला कोच डॅन कॅम्पबेल चौथ्या डाउनला खेळत का बसला? आमच्या घरात यावरून अबोला चालू आहे. (एक वाचक, ट्रॉय, मिशिगन)

उत्तर: अबोला तीन प्रसंगांत वाटून घ्या, कारण चुका तीन आहेत. (चौथा डाउन म्हणजे काय, ते पुढच्या पत्रात.)

पहिला प्रसंग तिसऱ्या क्वार्टरमधला. आपण २४-१०, चेंडू त्यांच्या गोल लाइनपासून २८ यार्डांवर, आणखी दोन यार्ड हवे होते. किक घेतली असती तर ती पंचेचाळीस-सेहेचाळीस यार्डांची. म्हणजे ‘सोपे तीन’ हा शब्दच चुकीचा. कॅम्पबेल वर्षभर असाच खेळला आणि असं खेळूनच इथवर आला. पास टाकणाऱ्या आपल्या गॉफने पास बरोबर टाकला, जॉश रेनॉल्ड्सच्या हातात आला आणि हातातून सुटला. कोचने डोकं चालवलं, हात रेनॉल्ड्सचे होते. इथे मी कॅम्पबेलच्या बाजूने.

दुसरा प्रसंग चौथ्या क्वार्टरमधला. आता २७-२४ असे मागे, साडेसात मिनिटं बाकी, चेंडू ३० यार्डांवर, आणखी तीन यार्ड हवे होते. इथे मात्र मी किक घेतली असती. सतरा गुणांची आघाडी विरघळून गेल्यावर टीमला आधी श्वास घेऊ द्यावा, बरोबरी करावी. पास खाली पडला, नाइनर्सनी पुढे टचडाउन केला (चेंडू गोल लाइनपलीकडे नेला: सहा गुण, वर एका गुणाची किक) आणि ३४-२४ झालं.

पण माझ्या लेखी खरा गुन्हा तिसराच. शेवटचं मिनिट, गोल लाइनपासून एक यार्ड, तिसरा डाउन. तिथे चेंडू आपल्या माँटगोमेरीच्या हाती देऊन धावायला लावलं. तो अडकला आणि घड्याळ थांबवायला टाइमआउट जाळावा लागला. टचडाउन झाला खरा, पण ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली छोटी किक) त्यांनी पकडल्यावर घड्याळ थांबवायला पुरेसे टाइमआउट उरले नव्हते. पास टाकला असता तर, पडला तरी, घड्याळ आपोआप थांबलं असतं. टाइमआउट हा शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखलेला पैसा असतो, तो जेमतेम एक मिनिट उरलेलं असताना असा उधळायचा नसतो.

आणि नशिबाचं काय? तेही त्या दिवशी सांता क्लाराचंच रहिवासी होतं. नाइनर्सच्या पर्डीने लांब पास टाकला, आपला किंडल व्हिल्डॉर चेंडूच्या बरोब्बर खाली, दोन्ही हात वर. चेंडू हातात न येता त्याच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटला, उडाला आणि त्यांच्या आयुकने जमिनीला टेकायच्या आत तो उचलला. ५१ यार्ड. व्हिल्डॉरने झेलला असता तर आपला चेंडू. मी तो रिप्ले चार वेळा पाहिला, पाचव्यांदा बायकोने रिमोट काढून घेतला.

प्रश्न: नमस्कार काका. लग्नानंतर सप्टेंबरमध्ये अमेरिकेत आले. नवरा चौथा डाउन, चौथा डाउन म्हणून ओरडतो. हे नक्की काय असतं, एवढंच सांगा. (एक वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर: एवढंच सांगतो. दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, प्रत्येक संधी म्हणजे एक डाउन. दहा यार्ड झाले की पुन्हा नव्या चार. तीन संधींत जमलं नाही तर चौथ्याला तीन वाटा: लांब किक मारून चेंडू प्रतिस्पर्ध्याला दूर नेऊन द्यायचा, गोलपोस्ट जवळ असतील तर तीन गुणांची किक मारायची, नाहीतर उरलेल्या यार्डांसाठी जुगार खेळायचा. जुगार हरलात तर चेंडू जिथल्या तिथे त्यांच्या हवाली. नवरा ओरडतो तो तिसऱ्या वाटेवर. वरचं ट्रॉयचं पत्र आता पुन्हा वाचा, कळेल.

प्रश्न: रेव्हन्सनी तर लीगमध्ये सगळ्यांपेक्षा जास्त सामने जिंकले होते, घरचं मैदान होतं. हरले कसे? (एक वाचक, कोलंबिया, मेरीलँड)

उत्तर: स्वतःचाच खेळ विसरले म्हणून. धावून यार्ड कमावण्यात वर्षभर पहिला नंबर आणि त्या दिवशी रनिंग बॅक्सच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यांच्या, हाती चेंडू मोजून सहा वेळा दिला. झे फ्लॉवर्सने ५४ यार्डांचा सुंदर झेल घेतला आणि लगेच प्रतिस्पर्ध्याला वाकुल्या दाखवून दंड ओढवून घेतला. त्याच चढाईत गोल लाइनच्या अगदी तोंडाशी त्याने झेप घेतली आणि लेजॅरियस स्नीडने त्याच्या हातातला चेंडू ठोसा मारून उडवला. चीफ्सना दुसऱ्या हाफमध्ये एकही गुण मिळाला नाही, तरी जिंकले. बचावाचे कोच स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांचा बचाव हीच यंदाची त्यांची खरी टीम आहे, महोम्स आणि केल्सी या स्टार खेळाडूंचे फोटो जास्त छापून येतात एवढंच.

प्रश्न: सामना बरोबरीत सुटला तर नाणेफेक जिंकणारा जिंकतो असं ऐकलं. हा काय न्याय? (एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर: तुमचं ऐकणं जुनं आहे. जानेवारी २०२२ मध्ये चीफ्स आणि बफेलोचा सामना ३६-३६ असा ओव्हरटाइममध्ये गेला. चीफ्सनी नाणेफेक जिंकली, पहिल्याच चढाईत टचडाउन केला, सामना ४२-३६ असा संपला आणि बफेलोच्या जॉश ॲलनच्या हातात चेंडू आलाच नाही. त्यावर एवढी बोंब झाली की त्याच वर्षी प्लेऑफपुरता (साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांपुरता) नियम बदलला: पहिल्या टीमने टचडाउन केला तरी दुसऱ्या टीमला एक संधी मिळते. दोघांची संधी होऊनही बरोबरी राहिली तर मग जो पुढे पहिला गुण मिळवेल तो जिंकला.

हा नियम आल्यापासून जानेवारी २०२४ पर्यंत प्लेऑफचा एकही सामना ओव्हरटाइमला गेला नव्हता, म्हणजे तोवर कोणाही कोचने ही परीक्षा दिली नव्हती. मी कोच असतो तर नाणेफेक जिंकून चेंडू समोरच्याला दिला असता. आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. टी-ट्वेंटीत टॉस जिंकून आधी बोलिंग का घेतात? किती धावा हव्यात हे ठाऊक असलं की हिशेब सोपा जातो. इथेही दुसऱ्याला कळलेलं असतं की तीन पुरतील की सातच हवेत, आणि सात हवे असतील तर चौथ्या डाउनला जुगार खेळायचा की नाही हा प्रश्नच मिटतो. उलट बाजूही आहे, दोघांचे गुण सारखे झाले तर तिसरी चढाई पहिल्या टीमची, आणि तेव्हा तीन गुणही पुरतात. तरी मी पाठलागच घेईन.

प्रश्न: केल्सीची मैत्रीण, गायिका टेलर स्विफ्ट, टोकियोहून सामन्याला वेळेत पोहोचेल का? आईसाठी विचारतोय. (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: आईला सांग, निश्चिंत राहा. टोकियो व्हेगासच्या सतरा तास पुढे आहे. शनिवारी रात्री कार्यक्रम संपवून ती विमानात बसली तर बारा तास उडूनही व्हेगासला शनिवारीच उतरते. वॉशिंग्टनमधल्या जपानी वकिलातीने तसं पत्रकच काढलंय. वकिलातीला व्हिसाच्या कामातून एवढी फुरसत मिळते हे मला नवीन होतं.

प्रश्न: काका, लायन्सवर तुमचा एवढा जीव कसा? आणि ११ तारखेला कोण जिंकणार? (एक वाचक, ॲन आर्बर, मिशिगन)

उत्तर: मी मिशिगनला आलो ऑगस्ट १९९१ मध्ये. जानेवारीत ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने पाँटिॲकच्या सिल्व्हरडोममधला सामना बघायला घरी बोलावलं. लायन्सनी डॅलसला ३८-६ धुतलं. मला वाटलं, बरं झालं, चांगली टीम मिळाली, दरवर्षी मजा येईल. पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनने ४१-१० हरवलं. त्यानंतर प्लेऑफमधला पुढचा विजय दिसला या १४ जानेवारीला, रॅम्सविरुद्ध २४-२३. मधल्या बत्तीस वर्षांत आमचा स्टार बॅरी सँडर्स फॅक्स पाठवून निवृत्त झाला, २००८ मध्ये आम्ही सोळाच्या सोळा सामने हरलो, आणि माझ्या डोक्यावरचे केस गेले. सुपर बोल आम्ही अजून एकदाही खेळलेलो नाही.

वर मीठ म्हणजे आमच्याविरुद्ध दोन फील्ड गोल मारणारा नाइनर्सचा किकर जेक मूडी हा इथला, नॉर्थव्हिलचा. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. शिकला तुमच्याच युनिव्हर्सिटीत.

११ तारखेला माझा कौल कॅन्सस सिटीला, फार तर तीन गुणांनी. मायामीविरुद्ध उणे चार फॅरनहाइटमध्ये कोच अँडी रीडच्या मिशीला बर्फ लोंबत होता तरी हे जिंकले. मग बफेलोत २७-२४ आणि बाल्टिमोरमध्ये, दोन्हीकडे परक्या मैदानावर. व्हेगासचं स्टेडियम बंद छताचं, वारा नाही, थंडी नाही, म्हणजे चीफ्सच्या बटकरसारख्या किकरची चंगळ. नाइनर्सकडे खेळाडू सरस आहेत हे मान्य. पण पॅकर्सविरुद्ध आणि आमच्याविरुद्ध, दोन्ही वेळा ते आधी मागे पडले. महोम्ससमोर ती चैन परवडत नाही.

माझी मुलगी सॅन होजेला असते, पक्की नाइनर्सवाली. त्या रविवारी हाफटाइमला, २४-७ असताना, तिला मुद्दाम फोन करून चिडवलं होतं. सामना संपल्यावर तिने फोन केला नाही. फक्त एक मेसेज आला: “बाबा, जेवलात का?” ११ तारखेला ती हाफटाइमला फोन करणार म्हणाली आहे. मी उचलणार नाही.