मित्रदेशावरचा राग मतपेटीत कसा उतरतो?

प्रश्न : परराष्ट्र धोरण पाहून सामान्य माणूस खरंच मत देतो का?

एरवी नाही देत. पण परदेशाचा प्रश्न घरात शिरला की देतो. दक्षिण कोरियात १३ जून २००२ रोजी सोलच्या उत्तरेकडच्या एका अरुंद रस्त्यावर अमेरिकी लष्कराच्या चिलखती गाडीखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या गेल्या. देश तेव्हा फुटबॉल विश्वचषकात बुडाला होता. नोव्हेंबरात अमेरिकी लष्करी न्यायालयानं दोन्ही सैनिकांना निर्दोष सोडलं आणि कडाक्याच्या थंडीत हजारो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. खटला कोरियाच्या कोर्टात चालला नाही, कारण दोन देशांतल्या करारानं तो अधिकार अमेरिकेकडे होता. मुली आपल्या, रस्ता आपला आणि न्याय करणार दुसरेच, हे अपघाताइतकंच जिव्हारी लागलं. १९ डिसेंबरला, अमेरिकेपुढे मान तुकवणार नाही म्हणणारे रो मू-ह्यून सुमारे ५ लाख ७० हजार मतांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

प्रश्न : कॅनडात २०२५ साली ट्रम्प यांच्यामुळेच निकाल फिरला ना?

त्यातला ‘च’ काढा. जानेवारीत चाचण्यांमध्ये काँझर्व्हेटिव्ह पक्ष २० टक्क्यांहून जास्त पुढे होता. मग कॅनडाला अमेरिकेचं ‘५१वं राज्य’ करण्याची ट्रम्प यांची भाषा तापली, आयातशुल्क आलं, ओंटारिओतल्या सरकारी दारू दुकानांतून अमेरिकी बाटल्या उतरवल्या गेल्या. २८ एप्रिलला लिबरल पक्ष जिंकला. पण मधल्या काळात लिबरलांचे पंतप्रधान ट्रूडो जाऊन कार्नी आले होते. लोक ज्या चेहऱ्याला कंटाळले होते, तोच समोर नव्हता. शिवाय काँझर्व्हेटिव्हांची मतं घटली नाहीत, उलट वाढून ४१ टक्क्यांवर गेली. भुईसपाट झाला तो डावा एनडीपी, जेमतेम ७ जागा. त्याचे बरेच मतदार धास्तीनं लिबरलांकडे वळले. माझ्या मते खरा निकाल तिथे लागला.

प्रश्न : मालदीवला आपण इतकी मदत केली, तरी ‘इंडिया आउट’?

वाईट वाटणं साहजिक आहे, मलाही वाटलं. आपले जेमतेम ८० जवान तिथे होते, रुग्णांना बेटांवरून हलवणारी हेलिकॉप्टरं चालवत. पण गणवेश परका होता. कोरियात सलला तोच सल इथेही होता, आणि मदत मोजून दाखवली की तो आणखी वाढतो. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतीय जवानांना परत पाठवू म्हणणारे मुइझ्झू ५४ टक्के मतं मिळवून राष्ट्राध्यक्षपद जिंकले.

प्रश्न : मग अशा निकालानंतर मैत्री तुटते का?

क्वचितच. रो यांनीच पुढे इराकमध्ये सैन्य पाठवलं, २००७ मध्ये अमेरिकेशी मुक्त व्यापार करारही केला. मालदीवमधून मे २०२४ पर्यंत आपले जवान परतले. हेलिकॉप्टरं मात्र तिथेच राहिली, आणि ती चालवायला भारतातूनच नागरी तंत्रज्ञ गेले.