वरच्या खोलीत नेट पोहोचत नाही, म्हणून बारा हजार?

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. घर स्वतःचं, तळमजला आणि वर दोन खोल्या. फायबरचा 40 एमबीपीएस वेगाचा प्लॅन, महिना 499 रुपये आणि वर जीएसटी. नेटवाल्यानं दिलेला डबा, म्हणजे राऊटर, खाली हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे. वरच्या खोलीतून त्या दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतात, त्याचे महिन्याला 14 हजार येतात. संध्याकाळी सातला खाली सासूबाईंची मालिका आणि बाजूच्या खोलीत मुलाचा लॅपटॉप सुरू झाला, की विद्यार्थी सांगतात, "मॅडम, आवाज तुटून राहिला." नेटवाला म्हणतो, 150चा प्लॅन घ्या, 799 मध्ये. सीताबर्डीतला दुकानदार म्हणतो, दोन डब्यांचा मेश राऊटर घ्या (एक डबा खाली, एक वर, दोन्ही मिळून एकच वायफाय), 999 चे 12 हप्ते, नो कॉस्ट. रोख घेतला तर 10,800. ऑफर रविवारपर्यंत. ताईंचा प्रश्न: यातलं कोणतं परवडेल? आणि हा खर्च करातून वजा होईल का?

ताई, परवडायचं म्हटलं तर दोन्ही परवडेल. पण दोघांनीही तुमच्या घरी येऊन काही तपासलेलं दिसत नाही, म्हणून आधी तेवढं तुम्हीच करा. संध्याकाळी सातलाच, सगळं चालू असताना, फोन घेऊन डब्यापासून दोन हातांवर उभ्या राहा आणि स्पीड मोजा. मग वर वर्ग घेता त्याच खुर्चीत बसून मोजा. खाली 25 आणि वर 4 आले, तर प्लॅन निर्दोष आहे, सिग्नल स्लॅबमध्ये अडतोय. खालीही 10च आले, तर बाकी सगळं बंद करून, डब्याला केबलनं लॅपटॉप जोडून पुन्हा मोजा. तिथंही 10 असेल तर नेटवाल्याकडे तक्रार करा, खरेदी कसलीच नको.

तुमच्या वर्णनावरून मला पहिलीच शक्यता जास्त वाटते. एचडी व्हिडिओला साधारण 5 एमबीपीएस लागतात. तुमचा वर्ग, सासूबाईंची मालिका, मुलाचा लॅपटॉप, एखाददुसरा फोन असं सगळं धरलं तरी वीसच्या आसपास. मग 40 कमी कशी पडेल? नळाला पाणी भरपूर आहे, पाइप जिन्यात चेंगरलाय. 150चा प्लॅन घेतलात तर डब्यापाशी 150 मिळतील आणि वर पुन्हा तीच रडारड. शिवाय हे 300 रुपये जीएसटी धरून 354 होतात, वर्षाचे 4,248, तीन वर्षांचे 12,744. महिन्याला वाढणारी रक्कम छोटी दिसते म्हणून आपण हो म्हणतो आणि ती पुढे कधीच बंद करत नाही. माझ्याकडे येणाऱ्या घरांच्या हिशेबात असे तीनशे-तीनशेवाले पाच-सहा खर्च हमखास सापडतात.

आता मेश. 999 गुणिले 12 म्हणजे 11,988. प्रोसेसिंग फी 199 असेल तर जीएसटीसह 235. झाले 12,223. रोख 10,800. म्हणजे 'नो कॉस्ट'ची किंमत 1,423 रुपये. हप्त्यांत दडलेल्या व्याजावरचा जीएसटी कार्डाच्या बिलात आणखी थोडा दिसेल. वस्तू वाईट नाही. भाड्याच्या घरात, भिंतीला भोक पाडू देत नाहीत तिथं, मी स्वतः मेश घ्या म्हणेन. पण वरचा आणि खालचा डबा एकमेकांशी हवेतूनच बोलणार आणि मध्ये तोच स्लॅब. घर तुमचं आहे, केबल टाकता येते.

तेव्हा माझा सल्ला असा. डब्यापासून जिन्यातून वरपर्यंत कॅट 6 केबल (नेटची जाड तार) टाकून घ्या. मीटरला 25 रुपये धरले तर 20 मीटरचे 500. केसिंग पट्टी आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी मिळून आणखी 600. वर एक साधा ड्युअल बँड (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडवर चालणारा) राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे खालून आलेलं नेट नुसतं वायफायनं पसरवायला, लावा, दोन-अडीच हजारांत येतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच ठेवले, की जिना चढताना फोन बहुतेक वेळा स्वतःच वरच्याला पकडतो.

राऊटर निवडताना दुकानदार खोक्यावरचा 'एसी 1200' दाखवेल. तो आकडा म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झचे 867 यांची बेरीज, वर थोडं गोल केलेलं. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात पोर्ट, म्हणजे केबल लावायची जागा, कितीचा आहे ते बघा. 10/100 लिहिलं असेल तर 100 एमबीपीएसच्या वर काही जात नाही, पुढं 1200 असो की 12,000. तुमच्या 40च्या प्लॅनला ते चालेल, पण तीनशे-चारशे जास्त देऊन गिगाबिट (1000 एमबीपीएस) पोर्टवाला मिळत असेल तर तोच घ्या. वायफाय 6, म्हणजे 'एसी'च्या पुढची पिढी, याच बजेटात मिळालं तर उत्तम, त्यासाठी बजेट वाढवू नका. अँटेना मोजू नका. सिग्नलच्या ताकदीला सरकारी मर्यादा आहे आणि राऊटर कितीही मोठ्यानं ओरडला तरी तुमच्या फोनला तितक्याच लांबून उत्तर देता यायला हवं. सहाशे रुपयांचा रिपीटरही नको. एकाच बँडवर ऐकायचं आणि तेच पुन्हा सांगायचं, यात त्याचा निम्मा वेग जातो.

हे मी शहाणपणानं सांगतोय असं नाही. 2020च्या लॉकडाउनमध्ये मी चार अँटेनांचा साडेसहा हजारांचा राऊटर आणला आणि शोकेसमध्ये, काचेच्या आत, गणपतीच्या शेजारी ठेवला. वेग 90च्या वर जाईना. तीन महिने नेटवाल्याशी भांडलो. शेवटी कळलं, भिंतीतल्या जुन्या केबलच्या दोनच जोड्या जोडलेल्या होत्या आणि गिगाबिटला चारही लागतात. म्हणून इलेक्ट्रिशियनला आठही तारा जोडायला लावा आणि समोर उभ्या राहा.

बिल पक्कं घ्या. "बिल पाहिजे का, की असंच?" असं विचारलं तर पाहिजे म्हणा. बऱ्याच नावाजलेल्या राऊटरवर 3 वर्षांची वॉरंटी असते, ती बिलाशिवाय मागायला गेलात तर हेलपाटेच.

एका खर्चाला मात्र मी स्वतःहून हो म्हणतो, जो तुम्ही विचारलाच नाही. राऊटरचा मिनी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर त्याला चालू ठेवणारी छोटी बॅटरी, साधारण 1,500 रुपये. तुमचं उत्पन्न या तारेवर आहे. वर्ग चालू असताना लाइट गेली तर वेगाचा काय उपयोग? घेण्याआधी खालचा डबा आणि वरचा राऊटर, दोन्हींच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघा. दोन्ही 12 व्होल्टचे असले तरी ते दोन मजल्यांवर आहेत, म्हणजे दोन यूपीएस. सध्या खालच्याला एक घ्या. लाइट गेल्यावर तेवढा वेळ खाली बसून शिकवा, नाहीतर फोनचा हॉटस्पॉट आहेच. एवढं सगळं पाच हजारांच्या आसपास बसतं, एकदाच. मागून वीज लागते ती वेगळी: 8 वॉटचा राऊटर दिवसरात्र चालला तर वर्षाला 70 युनिट, आठ रुपयांनी 560.

आता उन्हाळ्याचं. बहुतेक घरगुती राऊटर 40 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ओलांडतो. वरची खोली थेट स्लॅबखाली, त्यामुळे राऊटर छताजवळ किंवा बंद कपाटात ठेवू नका. कूलरच्या पाठीमागे तर नकोच. पत्रा आणि पाणी, दोन्ही सिग्नल अडवतात. पावसाच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा. आणि पहिल्याच दिवशी ॲडमिन पासवर्ड बदला, तुमचे विद्यार्थी हुशार आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

कराचं विचारलंत म्हणून: ट्यूशनचं उत्पन्न अनुमानित पद्धतीनं, म्हणजे आलेल्या पैशाचा ठरावीक हिस्सा नफा धरून, दाखवत असाल तर राऊटरचा खर्च वेगळा वजा होत नाही.

राहिली रविवारची ऑफर. ती जाऊ द्या. तान्ह्या पोळ्यापर्यंत त्याच दुकानात दुसरी लागलेली असेल.