‘साहेब’ व्हायचं राहिलं, आता मी कोण?

*ताई, मी धाराशिव जिल्ह्यातला, वय 31. सहा वर्षं पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास करतोय. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, पुढे नाही. गावात सगळे आत्तापासूनच ‘साहेब’ म्हणतात, म्हणून यंदा दिवाळीलाही गेलो नाही. वर्षभर मार्केट यार्डात एका भुसार व्यापाऱ्याकडे दिवाणजीचं काम करतोय. घरी माहीत नाही, अण्णा अजून महिन्याला आठ हजार पाठवतात. शेठ म्हणतात, लातूरची खरेदी तू सांभाळ. काम आवडतं. पण अभ्यास सोडला तर मी कोण उरतो? कधीकधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये.*

तू ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते.

आधी तुझ्या शेवटच्या वाक्याचं. ते थकून लिहिलं असशील, तरी मी ते सोडून देणार नाही. खोलीतल्या एका तरी मित्राला आजच्या आज हे सांग. रात्री-अपरात्री कुणी जवळ नसेल तर 14416 लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुझं पत्र मी वर कापून छापलंय. मुळात परीक्षेवर जेमतेम सहा ओळी आहेत आणि तुरीवर पाठपोट एक पान. पोत्याच्या पार तळातून मूठभर दाणे काढायचे. एक दाताखाली धरायचा. कट्कन फुटला तर वाळलेला, दबला तर ओल आहे. मग यंत्र लावून ओल बारा टक्क्यांच्या वर जाते का ते बघायचं. तळहातावर पसरून डागी, किडके, खडे बाजूला करायचे. आणि भाव कमी लागला तर का लागला, हे शेतकऱ्याला तोंडावर सांगायचं. ‘अण्णांची तूर असती तर जसं सांगितलं असतं, तसंच सांगतो,’ असं तू लिहिलंयस. हे ज्यानं लिहिलं तो कोण आहे, हे तू मला विचारतोस? माल ओळखणारा आणि माणसाशी खरं बोलणारा गडी आहे तो. अशी माणसं बाजारात कमी असतात, म्हणून तर शेठ तुला लातूरला पाठवतायत.

गावानं तुला साहेब म्हणायची घाई केली, त्यात प्रेमच होतं. दुष्काळी भागात सरकारी नोकरीची ओढ का असते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पाऊस दगा देतो, पगार देत नाही. पण न मिळालेल्या पदाचं ओझं सहा वर्षं वाहून तू स्वतःच्या घरी जायचा बंद झालास. एवढी किंमत कुठल्याच पदाची नाही.

तू म्हणतोस, 38 पर्यंत वय आहे, अजून सात वर्षं देता येतील. खुल्या प्रवर्गाची मर्यादा 2016 मध्ये 33 वरून 38 झाली. उशिरा सुरुवात करणाऱ्यांचं त्यात भलं झालं, हे खरंच. पण अभ्यासिकेत अडकलेल्या पोराला ‘आता बास’ म्हणणारं बाहेरचं काही उरलं नाही. ते त्यानं स्वतःच म्हणायचं. त्यात 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, त्यातले भाषांचे दोन फक्त पात्रतेपुरते, उरलेल्या सातांचे 1750 गुण. तू घोटलंस ते पर्यायी प्रश्नांसाठी. म्हणजे जवळपास नव्यानं मांडी घालायची. तेवढी भूक असती तर मीच म्हटलं असतं, बस. पण नव्या पद्धतीत एक वैकल्पिक विषय स्वतः निवडावा लागतो, आणि एवढ्या लांब पत्रात तुझ्या त्या विषयाचं नावसुद्धा नाही.

म्हणून माझं मत: थांब. ‘यंदा फॉर्म तेवढा भरून ठेवतो’ हेही नको. तो फॉर्म तुला पुण्यातही राहू देणार नाही आणि लातूरलाही. वर्षं वाया गेली का? काही गेली. त्याचं वाईट वाटू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मला जास्त काळजी अण्णांची आहे. परीक्षा नापास होणं हा गुन्हा नाही, पण स्वतः कमावत असताना त्यांचे आठ हजार घेत राहणं मला पटलेलं नाही. ते या महिन्यापासून बंद. फोनवर सांगू नकोस, घरी जा. सरळ म्हण, ‘अण्णा, मी वर्षभर तुमच्यापासून लपवलं, चुकलो. आता परीक्षा देणार नाही. लातूरला काम धरतोय.’ परवानगी मागू नकोस आणि वादही घालू नकोस. ते दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. भावकीत कुणीतरी म्हणेलच, शिकूनसवरून दिवाणजी झाला. म्हणू दे. अण्णा बोलते झाले की त्यांना विचार, अडतीवर माल नेला तेव्हा तुम्हाला कुठे कुठे नाडलं? वजनात, घट धरून कापलेल्या कडत्यात, ओलीच्या नावाखाली? त्यांनी हा बाजार आयुष्यभर दुसऱ्या बाजूनं पाहिलाय. हे ज्ञान तुला शेठ देऊ शकत नाहीत, आणि सांगताना अण्णांनाही कळेल की तू कुठल्या कामाला लागलायस.

शेठशीही मोकळं बोलून घे. ‘तू सांभाळ’ एवढ्यावर लातूर गाठू नकोस. पगार किती, राहायची सोय कुणाची, हंगामानंतर काम काय, घेतलेल्या मालाचा भाव पडला तर तोटा कुणाच्या खात्यावर, हे सगळं कागदावर येऊ दे. व्यापारी माणूस हिशोब विचारल्यावर रागावत नाही. रागावलेच, तर दुसरा शेठ शोध. काम तर आता तुझ्या हाताला आलंय.